मुखड्यावर ये

आमच्या अण्णांची आयुष्यात एकच मागणी होती आणि ती देवाकडे नव्हती, लोकांकडे होती. लोकांनी बसून ऐकावं, एवढंच.

अण्णा म्हणजे माझे वडील. चाकणच्या एका कंपनीत हेल्पर आणि लग्नसराई आली की बॅण्डमध्ये सॅक्सोफोन. शिफ्ट बदलून घ्यायची, सुपरवायझरची मनधरणी करायची आणि लाल कोट चढवून उन्हात उभं राहायचं, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललं. कासारवाडीपासून कुरुळीपर्यंत किती नवरदेवांना त्यांनी मारुतीच्या दर्शनाला नेऊन आणलं असेल याची मोजदाद नाही. पण त्यातल्या एकाही माणसानं त्यांचं वाजवणं खाली बसून ऐकलं नाही. लोक नाचायचे, घोड्याला आवरायचे, फोटो काढायचे, एकमेकांच्या अंगावर पडायचे. जेवणाच्या वेळी बॅण्डवाल्यांना मांडवाच्या मागे शेवटच्या पंगतीला बसवायचे आणि तेवढ्यात कुणीतरी येऊन म्हणायचं, चला, आवरा, पाहुणे निघाले.

"उभ्या माणसाला ऐकू येत नसतंय," असं अण्णांचं ठाम मत होतं. "माणूस बूड टेकल्याबिगर ऐकतच नाई."

लातूरकडून येऊन त्यांना तीस वर्षं झाली, तरी त्यांची भाषा तिकडचीच राहिली.

बॅण्डची शेड कासारवाडीत रेल्वेलाइनच्या अंगाला होती. वर पत्रा, खाली फरशीचे तुकडे, आणि लोकल गेली की सगळ्यांनी वाजवणं न थांबवता आवाज वाढवायचा. मी अण्णांची एकुलती एक. शाळा सुटली की शेडमध्ये. तिथल्या उलट्या घातलेल्या तेलाच्या डब्यावर बसून मी आधी क्लॅरिनेट वाजवायला शिकले आणि मग सॅक्सोफोन. कागद नव्हता, स्वरलिपी नव्हती. कानाला ऐकू आलं ते बोटात यायला हवं, एवढाच अभ्यासक्रम. मला वरातीत मात्र कधी नेलं नाही. पोरगी काय रस्त्यानं वाजवत फिरवायची आहे का, असं आई म्हणायची आणि आईपुढे बॅण्डमास्तरांचंसुद्धा काही चालत नसे. त्यामुळे मी फक्त शेडमधली वाजवणारी.

त्या शेडमध्ये एकच नियम होता. वरात लांबते. पुढचा ट्रम्पेटवाला चौकात पोचलेला असतो, मागचा ढोलवाला टेम्पोमागे अडकलेला असतो, मध्ये हॉर्न वाजतात, कुणाचं तरी चुकतं आणि एकेक जण वेगवेगळ्या ओळीवर जातो. अशा वेळी काय करायचं? थांबायचं नाही. बॅण्ड थांबला की नवरदेवाचा भाऊ अंगावर येतो. मग ज्याला भान येईल त्यानं सरळ गाण्याच्या मुखड्यावर यायचं, छातीत असेल नसेल तेवढा दम काढून. तो मुखडा कानावर पडला की ढोलवाल्यानं तीन ठोके द्यायचे. तिसऱ्या ठोक्याला सगळे मुखड्यावर हजर. कोण चुकलं होतं हे कुणी विचारायचं नाही. मी चाचपडले की मास्तर डोळे मिटूनच ओरडायचे, "मुखड्यावर ये! सगळे भेटतेत तिथं."

मी हे इतक्या वेळा केलं की पुढे ते करायला मला विचार करावा लागत नव्हता. नंतर माझा घात झाला तो यातूनच.

मी बारावीत असताना अण्णांचे समोरचे दात गेले. पायरिया. वरची कवळी बसवली, पण सॅक्सोफोनचं तोंड वरच्या दातांवर टेकवावं लागतं आणि कवळी काही त्याला दाद देईना. मोशीत एका परण्यात, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीत, ऐन भरात ती कवळी निसटून रस्त्यावर पडली, थेट घोड्याच्या पायाशी. घोडा बिचारा सभ्य निघाला, त्यानं पाय उचलून धरला. अण्णांनी कवळी उचलली, कोटाला पुसली आणि खिशात ठेवली. घरी येऊन त्यांनी आम्हाला हे इतकं रंगवून सांगितलं की आई पोट धरून हसली. मग त्यांनी सॅक्सोफोनची पेटी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "आता तूच." आणि आत जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत बसले.

पुढच्या दोन वर्षांत बॅण्डही मोडला. लोकांना डीजे हवा होता. शेडमध्ये आता टायरचं दुकान आहे.

कॉलेजच्या एका कार्यक्रमात मी वाजवत असताना परीक्षक म्हणून आलेल्या सरांनी ऐकलं. हे सर परदेशात शिकून आले होते, पुण्यात पाश्चात्य संगीताचा वर्ग चालवत होते आणि त्यांचा व्हायोलिन-चेलोवाल्यांचा एक वाद्यवृंदही होता. निम्मे विद्यार्थी, निम्मे हिंजवडीतले संगणकवाले. सरांनी मला विचारलं, "कुणाकडे शिकलीस?" मी म्हटलं, "बॅण्डमध्ये." त्यांना वाटलं मी कुठल्यातरी शाळेच्या बॅण्डबद्दल बोलतेय. मी ते दुरुस्त केलं नाही.

तीन वर्षं मी त्यांच्याकडे गेले. सर चांगले होते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी त्यांना खलनायक ठरवायला नको. त्यांनी मला कागद वाचायला शिकवलं. आवाज कमी करायला शिकवलं आणि ते सगळ्यात अवघड गेलं. "हा हॉल आहे, चौक नाही," ते म्हणायचे. मी फुंकले की पहिल्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्या मुलीचे केस हलतात, अशी त्यांनी माझी चेष्टाही केली होती. मी हळूहळू हळू वाजवायला शिकले. मेरठहून आणलेला अण्णांचा तो जुना सॅक्सोफोन, ज्याच्या एका तुटलेल्या स्प्रिंगच्या जागी रबर बांधलेलं होतं, तोसुद्धा शिकला.

मग एक दिवस सरांनी सांगितलं की चाकणच्या काही कंपन्या मिळून एक कार्यक्रम करत आहेत. त्यांच्या परदेशी साहेबांसाठी आणि शहरातल्या रसिकांसाठी. आपल्याच भागातलं कुणीतरी पुढे असावं अशी त्यांची इच्छा आहे. सॅक्सोफोन आणि तंतुवाद्यांसाठी एक जुना कॉन्चेर्टो आहे, तो तू वाजव.

अण्णांना कॉन्चेर्टो समजावून सांगायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. एक जण पुढे उभा राहून वाजवतो, मागे सगळा वाद्यवृंद. कधी ते त्याच्याशी भांडतात, कधी वाट करून देतात. अण्णांनी ऐकून घेतलं आणि मुद्द्याचं विचारलं.

"अन लोकं?"

"बसलेली असतात."

"समदी?"

"प्रत्येकाच्या खुर्चीला नंबर असतो, अण्णा. उभं राहिलं तर उलट बाहेर काढतात."

आमच्या औद्योगिक पट्ट्यात सुट्टी रविवारची नसते, गुरुवारची असते. पुढच्या गुरुवारी अण्णा दाढीबिढी करून सकाळीच कुठेतरी गेले आणि जेवायला परत आले. चिंचवडच्या नाट्यगृहात जाऊन, वॉचमनला गळ घालून, आत खुर्च्या बघून आले होते. "मखमली हायेत," ते आईला म्हणाले. "लाल. अन माणूस उठला की आपोआप मिटतीय." आमच्या कोटाचाच रंग, असंही पुढे म्हणाले आणि कवळी दिसेपर्यंत हसले. तोवर मी वाजवणार होते फक्त एक कॉन्चेर्टो. त्या दिवसापासून मला त्यांचं सगळं आयुष्य वाजवायचं होतं. एवढं ओझं घेऊन कुणी कधी नीट वाजवलंय का?

घरी सराव करायचा तर एकच खोली. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मी सॅक्सोफोनच्या भोंग्यासमोर गोधडी उभी करून वाजवायची. सरांनी माझ्या कागदावर एका जागेभोवती लाल पेन्सिलीनं गोल केला होता. मधला भाग. तिथे मी एक लांब ओळ वाजवून थांबायचं, मग अकरा बार फक्त व्हायोलिन-चेलोवाले वाजवणार, आणि बाराव्याला मी परत आत. बार म्हणजे मात्रांचं एक घर. अकरा घरं रिकामी. मी पायाच्या अंगठ्यानं मोजत उभी राहायची आणि अण्णा खाटेवरून बघत असायचे.

"आता का थांबलीस?"

"अकरा घरं रिकामी आहेत."

"अकरा खोल्या? रिकाम्या कशाला ठेवायलेत?"

"तेव्हा ते लोक वाजवतात."

"मग तू बी वाजव की. त्येंला बरं वाटंल."

मी हसले. पण खरं सांगायचं तर मलाही ती अकरा घरं कधी आवडली नाहीत. आमच्या शेडमध्ये वाट बघणं नावाचं वाद्य नव्हतं. दम लागला की शेजारचा उचलून धरायचा, तेवढीच विश्रांती.

शेवटच्या तालमीनंतर सरांनी मला बाजूला घेतलं. "समजा स्टेजवर हरवलीस, तर एकच कर. थांब. वाजवू नकोस. माझ्याकडे बघ. मी तुला डोळ्यांनी आत घेईन." मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

कार्यक्रम रविवारी सकाळी अकराला होता. रविवार म्हणजे अण्णांची ड्युटी, त्यांनी रजा टाकली. आई कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कामाला, तिला सोडलं नाही. अण्णा एकटेच आले, पांढरा शर्ट, भांग पाडलेला, खिशात रुमाल. सरांनी दिलेला पास तिसऱ्या रांगेतला होता. त्यांच्या एका बाजूला एक परदेशी जोडपं आणि दुसऱ्या बाजूला शाल घेतलेल्या एक बाई. मी पडद्याच्या फटीतून बघितलं तर अण्णा फोटोला बसल्यासारखे, गुडघ्यांवर हात ठेवून, ताठ. खुर्ची आपल्याला घेऊन मिटेल की काय अशी त्यांना धाकधूक असावी.

निवेदिकेनं माझी ओळख करून दिली, "एका साध्या बॅण्डवाल्याची मुलगी." लोकांनी कौतुकानं टाळ्या वाजवल्या. 'साध्या' या शब्दानं माझं डोकंच फिरलं. साधा कोण? लग्नाच्या गर्दीत, पाय भाजत असताना, एका दमात आख्खा अंतरा काढणारा माणूस साधा? पण मला तिथे भांडायचं नव्हतं, वाजवायचं होतं. सरांनी हात उचलला.

सुरुवात चांगली झाली, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. मुख्य धून आली ती मऊ, न घाबरता, पार मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत येईल अशी. माझ्यामागे व्हायोलिनं खुलली. असा आवाज पाठीवर घेऊन मी कधी उभी राहिले नव्हते. समोर अंधारात शेकडो माणसं बसली होती आणि एकही हलत नव्हतं. कुणी खोकलं तरी आधी परवानगी मागितल्यासारखं. मी लांब ओळ संपवली, वाद्य तोंडापासून बाजूला केलं आणि ती अकरा घरं सुरू झाली.

एक. दोन. तीन. अंगठा चालू होता. मला वाटलं, अण्णांकडे एकदा बघावं. त्यांचा चेहरा बघायचा होता, दुसरं काही नाही. चार. पाच. तिसऱ्या रांगेत मला अण्णांचा चेहरा दिसलाच नाही. अण्णा माझ्याकडे पाठ करून बसले होते. खुर्चीत पूर्ण वळून, एक हात खुर्चीच्या पाठीवर टाकून, ते मागे बघत होते. लोकांकडे. रांगांमागून रांगा बसलेल्या त्या सगळ्या लोकांकडे, कितीतरी वर्षांनी गावची माणसं भेटावीत तसे बघत होते.

आणि माझं घर चुकलं. सात होतं की आठ? अंगठा थांबला होता की चालू होता, मला आजही सांगता येणार नाही. मागे चेलो एक वळण घेत होते, ते अकराव्यातलं वाटलं. मी वाद्य तोंडाला लावलं आणि आत गेले.

लवकर गेले होते. पहिल्या स्वराला कळलं. मी एका गावाला निघाले होते, ते दुसऱ्या. सरांचं डोकं वर झालं, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डावा हात उघडा करून दाखवला, थांब म्हणून. तो हात मी बघितला. शप्पथ बघितला. पण पाच वर्षांची असल्यापासून मला एकच माहीत होतं. हरवलं की थांबायचं नाही.

मी मुखड्यावर आले.

कॉन्चेर्टोची ती पहिली धून, अगदी सुरुवातीची, मी मध्येच उचलली. मऊबिऊ नाही. चौकात पोचेल अशी. छातीतला सगळा दम लावून मी त्यांना हाक मारली आणि वाट बघितली, आता येतील, तिसऱ्या ठोक्याला सगळे येतील.

ते कसे येणार होते? प्रत्येकाच्या पुढे कागद होता आणि कागदावर त्या जागी काहीतरी वेगळंच लिहिलेलं होतं. काही जण वाजवत राहिले, काहींनी माझ्याकडे बघितलं, काहींनी सरांकडे. एकेकाच्या वाद्यावरचा गज खाली आला. शेवटचा चेलो एक स्वर ओढत राहिला आणि त्यालाही लाज वाटून तो थांबला. मग फक्त मी. त्या मखमली हॉलमध्ये वरातीचा सॅक्सोफोन, एकटा. ओळ संपली आणि मीही थांबले.

मी एकटी वाजवत असताना कुणाची तरी खुर्ची खटखटली होती, तेवढीच. मला वाटलं कुणीतरी उठून चाललं.

सरांनी हळू आवाजात सगळ्यांना कागदावरची एक जागा सांगितली आणि आम्ही तिथून पुन्हा सुरू केलं. शेवटपर्यंत वाजवलं. त्यातलं मला एक अक्षर आठवत नाही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यांना माझी दया आली होती आणि दया आलेले लोक फार जोरात टाळ्या वाजवतात.

मागच्या खोलीत सर माझ्याजवळ आले. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"होतं असं," ते म्हणाले. "पण मी थांब म्हणून सांगितलं होतं ना? सुरुवातीपासून का वाजवायला लागलीस?"

"सगळे येतील म्हणून."

"कुठे येतील?" सरांनी विचारलं. त्यांना खरंच समजलं नव्हतं. मी वाद्य पुसायला घेतलं.

दुपारच्या उन्हात मी आणि अण्णा बस स्टॉपवर उभे होतो. पेटी त्यांच्या हातात होती, मला त्यांनी उचलू दिली नाही. ते रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "मुखड्यावर आलीस. ऐकलं मी. बरूबर केलंस."

मी बस येतेय का ते वाकून बघितलं.

"पण ते का नाई आले गं?"

एवढं विचारायचं होतं त्यांना. चुकलं कसं, किती चुकलं, यातलं काही नाही. मी त्यांच्यावर ओरडले. भर स्टॉपवर, लोकांसमोर. "तिथं कुणी येत नसतं, अण्णा! तिथं ज्याचा त्याचा कागद असतो. तुमच्या शेडमधलं तिथं काही चालत नाही. एवढी माणसं होती, बघितलीत ना तुम्ही वळून वळून? त्यातलं एक आलं नाही. एकसुद्धा!"

अण्णांनी पेटी खाली ठेवली. आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, तळवा शर्टाला पुसला.

"नाई आलं कुणी," ते म्हणाले. बस आली.

पुढे सांगण्यासारखं फार नाही. मी सरांच्या वर्गाला आणखी काही दिवस गेले. त्यांनी मला काढलं नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. पण पुढच्या कार्यक्रमात व्हायोलिनचा कॉन्चेर्टो ठरला आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की असल्या वाद्यवृंदात सॅक्सोफोनला एरवी खुर्चीच नसते. कुणीतरी पाहुणा म्हणून बोलावलं तरच तुम्ही पुढे उभे राहता. लग्नात डीजे आणि इथे खुर्ची नाही. वाजवायचं कुठे? गोधडीसमोर? एक दिवस गेले नाही. मग दुसऱ्या दिवशी गेले नाही. पेटी माळ्यावर गेली. अण्णांनी कधी काढायला सांगितली नाही, याचा मला त्या वेळी राग आला होता. सांगितली असती तरी राग आला असता.

आता मी चाकणला गिअरबॉक्स बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. माझं काम ऐकण्याचं. लाइनच्या शेवटी एक बंद काचेची खोली असते, तिथे प्रत्येक गिअरबॉक्स फिरवून बघतात आणि मी कानाला हेडफोन लावून खरखर, टकटक, शिट्टी, काय असेल ते शोधते. दिवसभर बसून ऐकते. अण्णांना हे काम मिळाल्याचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चांगलं हाय." दोघांपैकी कुणीच हसलं नाही.

त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग सरांनी तेव्हाच पाठवलं होतं. मी उघडलं नव्हतं. यंदा मे महिन्यात जुना मोबाइल बदलताना ते पुन्हा पुढे आलं आणि जेवणाच्या सुट्टीत, लाइन बंद असताना, कुणास ठाऊक का, मी तो आवाज माझ्या कामाच्या हेडफोनवर लावला. सुरुवात खरंच चांगली होती. मग अकरा घरं. मी आता बाहेरून मोजली. नवव्याला माझा सॅक्सोफोन आत आला होता. मग माझा मुखडा, कान फाटतील असा, आणि मागे एकेक वाद्य गळत जाणं. हात हेडफोन काढायला उचललाच होता.

तेवढ्यात ते ऐकू आलं. ठक. ठक. ठक.

मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. खुर्ची खटखटली नव्हती. कुणी उठून चाललं नव्हतं. तिसऱ्या रांगेच्या अंतरावरून, खुर्चीच्या लाकडी हातावर, तळव्यानं मारलेले तीन ठोके होते. माझ्या मुखड्याच्या लयीत, नेमके, जिथे ढोलवाल्यानं द्यायचे तिथे. पुन्हा तीन, जरा जोरात. सगळ्यांना बोलावणारे. आणि मग अगदी जवळून एका बाईचा आवाज, "शूऽऽ." तिसऱ्यांदा हात उचलला गेला नाही. ठोके बंद. मी थांबले ती त्यानंतर.

एक माणूस आला होता. आयुष्यभर लोकांनी बसून ऐकावं म्हणून झुरलेला माणूस, पहिल्यांदाच मखमली खुर्चीत बसला होता, आणि त्याला गप्प केलं ते नीट बसून ऐकत नाही म्हणून. आणि बस स्टॉपवर मी त्याच्या तोंडावर ओरडले होते की एकसुद्धा आलं नाही. त्यानं तळवा शर्टाला पुसून म्हटलं होतं, नाई आलं कुणी.

सुट्टी संपली. लाइन सुरू झाली. त्या दिवशी मी दोन चांगले गिअरबॉक्स खराब म्हणून बाजूला काढले.

कंपनीच्या बसमधून घरी येईपर्यंत मी वाक्यं जुळवत होते. अण्णा, मी ऐकलं. अण्णा, मला तेव्हा ऐकू आलं नाही. सगळीच वाक्यं खोटी वाटत होती. घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. अण्णा आता रिटायर आहेत. कानानं कमी ऐकू येतं, कंपनीतल्या मशिनींची आणि ट्रम्पेटांची देणगी. टीव्हीच्या अगदी पुढ्यात स्टूल घेऊन ते बातम्या बघत होते. आई आत भाकरी थापत होती. मी चप्पल काढली, त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि शेजारच्या कपाटाच्या दारावर तळव्यानं तीन ठोके दिले. त्याच लयीत. जरा थांबून पुन्हा तीन.

अण्णांनी मागे वळून न बघता हात वर केला.

"शूऽऽ," ते म्हणाले. "ऐकू दे की."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि ऐकू लागले. टीव्हीवर हवामानाचा अंदाज सांगत होते.